अंधारातला गवंडी

पोवळे म्हटले की आपल्यासमोर अंगठीतला खडा येतो, फार तर लक्षद्वीपचे उथळ निळे पाणी. पण नॉर्वेच्या किनाऱ्यापलीकडे, ऊन कधीच पोहोचत नाही अशा थंड पाण्यातही प्रवाळांच्या मोठमोठ्या भित्ती आहेत. लोफोटेन बेटांजवळची रोस्ट ही भित्ती 2002 मध्ये सापडली. ती 300 ते 400 मीटर खोल आणि सुमारे 35 किलोमीटर लांब आहे.

तिथला मुख्य प्रवाळ लोफेलिया. (शास्त्रज्ञांनी अलीकडे त्याला डेस्मोफायलम या प्रजातीत टाकले आहे, मला जुनेच नाव आवडते.) उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांना अंगातले सूक्ष्म शैवाल अन्न पुरवते. लोफेलियाला ती सोय नाही. प्रवाहाबरोबर येणारे बारीक जीव पकडायचे आणि जगायचे. त्याच्या फांद्यांत युनिस नॉर्वेजिका हा वीतभर लांबीचा, दणकट जबड्यांचा कृमी राहतो. कृमी म्हटल्यावर आपल्याला जंत आठवतात, पण हा गांडुळाच्या गोतावळ्यातला. लिनियसने 1767 मध्येच त्याची नोंद केली होती.

प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. शब्दकोश शेजारी ठेवून मी शोधनिबंध वाचतो. त्यात या दोघांच्या देण्याघेण्याने मला धरून ठेवले. कृमी प्रवाळाच्या तोंडचा घास पळवतो, हे प्रयोगशाळेच्या टाकीत दिसले आहे. मग त्याचा उपयोग काय? तो फांद्यांमधून चर्मपत्रासारखी पातळ नळी बांधत जातो. प्रवाळ त्या नळीवर चुना चढवतो. कृमीला पक्के घर मिळते आणि दोन फांद्या एकमेकींना सांधल्या जातात. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत तर तो प्रवाळाचे सुटे तुकडे ओढून जवळ आणताना आढळला. 2013 च्या एका प्रयोगात कृमी सोबत असताना प्रवाळाचा चुना घालण्याचा वेग चौपटीपर्यंत गेला. म्हणून ‘चोर की सोबती’ हा वाद मला फोल वाटतो. घास जातो आणि भिंतही वाढते.

तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांनी नॉर्वेतल्या 30 ते 50 टक्के प्रवाळभित्तींना इजा पोहोचल्याचा अंदाज आहे. ज्ञात भित्तींवर अशी मासेमारी करण्यास तिथे 1999 पासून बंदी आली. माझ्या मते नुकसानीच्या हिशेबात फांद्यांबरोबर कृमीही धरला पाहिजे. वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढणाऱ्या प्रवाळाला तुकडे जोडणारा हा गवंडी कॅमेऱ्यात सहज दिसत नाही. तो नळीत असतो.