खुराड्यात कोंबड्याची आमद

फोपनारसारख्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील गावी, जेथे परसातील चार-सहा गावठी कोंबड्या घराला अंडी पुरवीत असतात, तेथे कोंबडा आणण्याचा विचार बहुधा पिलांच्या इच्छेने होतो. कारण अंडी घालण्यास कोंबडीला नराची मुळीच आवश्यकता नसते.

मात्र दीर्घकाळ एकत्र नांदलेल्या कोंबड्यांमध्ये चोचीच्या बळावर प्रस्थापित झालेली एक श्रेणी असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. कोणी आधी दाणे टिपायचे, कोणी बाजूला सरायचे, हे सारे त्या श्रेणीने मुक्रर झालेले असते. अशा कळपात मिसरूडही न फुटलेला तरुण कोंबडा सोडला, तर प्रौढ कोंबड्या त्याला टोचून कोपऱ्यात बसवितात. वर्षभराचा, तुरा भरलेला नर मात्र प्रारंभीच्या एक-दोन झटापटींनंतर बहुधा आपला अंमल बसवितो. म्हणून आणावयाचा तो प्रौढच आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आठ-दहा कोंबड्यांस एक नर पुरेसा होतो. त्याहून कमी असतील, तर वारंवारच्या संगाने त्यांच्या पाठीची पिसे झडू लागतात.

बाजारातून आणलेल्या पक्ष्यास थेट खुराड्यात दाखल करणे हा मोठा धोका होय, कारण लोक ज्याला मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग अंगात असूनही काही दिवस दिसत नाही. निदान तीन आठवडे त्यास दूर ठेवावे, लस टोचून घ्यावी, पंखांखाली उवा व गोचिडांची तपासणी करावी. त्यानंतर आठवडाभर जाळीआड, परस्परांच्या दृष्टीस पडेल असा त्याचा मुक्काम असावा. पुष्कळ जण रात्री गुपचूप त्यास कोंबड्यांच्या शेजारी बसवून देतात. परंतु कोंबड्या एकमेकींस तुरा व चेहरा पाहून ओळखीत असल्याने, पहाट होताच परका तो परकाच ठरतो, आणि म्हणून खरी भिस्त जाळीआडच्या सहवासावरच ठेवावी लागते. मोकळे सोडताना दाण्यापाण्याची भांडी एकाऐवजी दोन ठिकाणी मांडावी, म्हणजे हुसकावलेल्या कोंबडीस उपाशी राहावे लागत नाही.

कळपात रुळलेला कोंबडा आभाळातील शिकऱ्यासाठी एक आणि जमिनीवरील मुंगसासाठी दुसरा असा निराळा इशारा देतो, आणि दाणा सापडला की स्वतः न खाता कोंबड्यांना बोलावतो. पुढे एखादी कोंबडी खुडूक बसली, तर एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिले बाहेर येतात. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या झाबुआच्या कडकनाथ जातीची मादी मात्र सहसा खुडूक बसत नाही. तेव्हा कडकनाथाची जोडी आणणाऱ्यानेही तिची अंडी उबविण्यासाठी एक गावठी कोंबडी राखून ठेवावी.