‘नेट’ म्हणजे किती? भाव ठरवताना विचारून घ्या

मागच्या लग्नसराईत मारगासनीकडच्या एक बाई मुलीला घेऊन आमच्या भोरच्या दुकानात आल्या आणि विचारू लागल्या, "नेट आहे का?" गल्ल्यावर आमचा पुतण्या बसला होता. त्याने मोबाईल पाहिला आणि म्हणाला, "आहे मावशी, पण स्लो चालतंय." बाईंना हवे होते ओढणीचे जाळीदार कापड. सगळे हसले, कापड कापून दिले, विषय संपला.

पण त्याच आठवड्यात याच शब्दापायी आमचे पाच हजार चाळीस रुपये गेले, तेव्हा मात्र कोणी हसले नाही. व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून ती हकीकत येथे देत आहोत.

आधी शब्दाविषयी थोडेसे. इंग्रजीत ‘नेट’ हे खरे तर दोन निरनिराळे शब्द आहेत. एक जाळ्याचा. मासेमारीचे जाळे, मच्छरदाणी, क्रिकेटच्या सरावाची जाळी, ओढणीचे कापड आणि इंटरनेट ही सगळी त्याच घरातली मंडळी. दुसरा ‘नेट’ फ्रेंच भाषेतून आला. त्याचा मूळ अर्थ साफ, चकचकीत. वजावट करून जे साफ उरते ते नेट. प्राध्यापकीच्या परीक्षेचे नेट म्हणजे नुसती आद्याक्षरे आहेत आणि मराठी माणूस ‘नेटाने’ काम करतो ते नेट वेगळेच.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तेथे हिशेबात ‘साफी’ हा शब्द होता. साफी वजन, साफी आमदनी. म्हणजे इंग्रजांनी आणि आपण एकच उपमा घेतली, जे स्वच्छ उरले ते खरे. गंमत म्हणजे साफी हे गाळण्याच्या फडक्याचेही नाव आहे, त्यामुळे कापडवाल्याला तो शब्द दोन्हीकडून आपलाच वाटतो. मराठीत निव्वळ म्हणतात आणि बँकेच्या मराठी कागदांत ‘नक्त मूल्य’ असे छापलेले असते. हे नक्त म्हणजे आपल्या ‘नक्द’चेच मराठी रूप. इतके शब्द घरात असताना आपण बोलतो मात्र ‘नेट’, आणि समोरच्याला काय समजले ते विचारत नाही.

धान्याच्या व्यापारात घोटाळा कमी होतो, कारण तेथे बारदान डोळ्यांना दिसते. वेल्ह्याकडचा शेतकरी भाताचे पोते काट्यावर ठेवतो तेव्हा रिकाम्या पोत्याचे वजन वजा करायचे हे दोघांनाही ठाऊक असते. वाद झालाच तर अर्ध्या-एक किलोचा. पाकिटावर तर नक्त वजन छापणे वजनमापाच्या नियमांनी सक्तीचे आहे. सोनाराकडे मात्र जपावे. खडे, मोती, लाख, रेशमाचा गोफ यांसकट दागिन्याचे वजन वेगळे आणि नुसत्या सोन्याचे वेगळे. भाव लागायचा तो नुसत्या सोन्याच्या वजनाला. पावतीवर दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. दागिने घडवणाऱ्या कारागिरालाही ते हिताचे आहे, कारण परत आलेल्या दागिन्याचा वाद शेवटी त्याच्याच गळ्यात पडतो.

आता कापडाकडे येतो. आमच्या धंद्यात ‘नेट रेट’ म्हणजे ज्यात पुढे वटाव नाही, कसर नाही, तो भाव. वडिलांच्या काळापासून हाच अर्थ होता. १९५७ च्या व्यवस्थेनंतर बहुतेक काळ कापडावर राज्याचा विक्रीकर नव्हता, त्याऐवजी केंद्राचे जादा उत्पादन शुल्क गिरणीच्या दारातच वसूल होई. दुकानदाराला करासकट की कराशिवाय हा प्रश्न पडतच नसे. १ जुलै २०१७ पासून कापडावर ५ टक्के जीएसटी आला आणि जुन्या शब्दाचे दोन अर्थ झाले. शब्द तोच राहिला म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही.

वेल्ह्याकडच्या एका शाळेच्या गणवेशाचे १२०० मीटर कापड आम्ही बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून मागवले. फोनवर तो म्हणाला, "चौऱ्याऐंशी नेट." आम्ही समजलो, सगळे धरून चौऱ्याऐंशी. त्या हिशेबाने शाळेला ९२ रुपये भाव देऊन बसलो. बिल आले १,००,८०० रुपये आणि त्यावर कर ५,०४० रुपये. फोन केला तर तो म्हणाला, "सेठ, नेट म्हणजे वटाव नाही. टॅक्स तर सरकारचा आहे."

रागावून उपयोग नव्हता. त्याच्या जागेवरून पाहिले तर त्याचे काही चुकले नव्हते. त्याची गिऱ्हाइके बहुतेक नियमित नोंदणीची. भरलेला कर त्यांना जमेस मिळतो, म्हणून ती कर सोडूनच भाव बोलतात. आमचे दुकान कंपोझिशनमध्ये आहे. आम्हाला खरेदीवरच्या कराची जमा मिळत नाही, गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, आणि वर विक्रीवर एक टक्का पदरचा भरायचा. मीटरमागे ८ रुपयांनी ९,६०० सुटायचे होते. त्यातून ५,०४० गेले, १,१०४ कंपोझिशनचा कर गेला. ३,४५६ राहिले, त्यातून टेम्पोचे भाडे. शाळेला भाव वाढवून मागणे आमच्याने झाले नाही. जबान दिली होती.

छोट्या गावांतले आपले बरेच दुकानदार कंपोझिशनमध्येच आहेत. त्यांच्यासाठी ‘नेट’ म्हणजे करासकट पदरात पडलेली किंमत, दुसरे काही नाही.

बिलावर ‘नेट ३०’ लिहिलेले असते ते आणखी निराळे. तीस दिवसांत पूर्ण रक्कम, असा त्याचा अर्थ. येथेही काळ बदलला आहे. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून आयकराची गाठही त्याला घातली गेली. मुदत चुकली तर तो खर्च ज्या वर्षी पैसे द्याल त्याच वर्षी धरला जातो. भिवंडी-मालेगावच्या मागवाल्याला, शिलाई युनिट चालवणाऱ्याला याचा फायदा आहे, त्यांनी उद्यम नोंदणी करून बिलावर नंबर छापावा. आपण नुसते व्यापारी असू तर नोंदणी होते, पण विकलेल्या मालाच्या पैशांसाठी या मुदतीचे संरक्षण मिळत नाही. देताना घाई आणि घेताना वाट पाहणे, असे आपले आहे.

आणखी एक ‘नेट’ रमजानमध्ये भेटतो. काही भाऊ ताळेबंदातला नेट प्रॉफिट पाहतात आणि त्याच्यावर अडीच टक्के जकात काढतात. हे चूक आहे. जकात नफ्यावर नाही. विक्रीचा माल आजच्या भावाने, त्यात रोकड आणि येणे मिळवायचे, त्यातून देणे वजा करायचे, आणि निसाबाइतके उरत असेल तर त्या उरलेल्यावर. दुकानाचे फर्निचर, शिलाई मशीन धरायचे नाही. समजा माल ६ लाखांचा, रोकड ५० हजार, येणे १ लाख, देणे अडीच लाख. उरले ५ लाख, जकात १२,५०० रुपये. त्याच माणसाचा वर्षाचा नफा दीड लाख असेल आणि त्याने त्यावर काढली तर ३,७५० होतात. बाकीचे ८,७५० गरिबाचे राहून गेले. लांब मुदतीचे कर्ज आणि बुडीत उधारी यांत मसले आहेत, ते मुफ्तीसाहेबांना विचारावेत.

आम्ही आता मागणीच्या चिठ्ठीवर ‘नेट’ लिहीत नाही. ‘भाव जीएसटीसह, वटाव नाही, भाडे तुमचे, मुदत बिलापासून ३० दिवस’ असे चार तुकडे लिहितो आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो. उलट ‘ओके’ आल्याशिवाय माल उचलत नाही. पुतण्या म्हणतो, एवढे कोण वाचतो? त्याच व्यापाऱ्याने परवा वाचले आणि भाड्याचा तुकडा खोडून परत पाठवला. भाड्यावर दोन दिवस बोलणे चालले, मग अर्धे अर्धे ठरले.