चेहरा झाकून सांगितलेली हकिकत

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या सरहद्दीलगत वसलेले मुरुम हे गाव नगरपरिषदेचे असले, आणि तेथील बाजारात मराठी, कन्नड व दखनी उर्दू अशा तिन्ही बोली सुखेनैव नांदत असल्या, तरी त्याचा स्वभाव अद्याप खेड्याचाच आहे. कोण कोणाचा, कोठून आला आणि कोणाच्या ओट्यावर किती वेळ बसला, याची खबर माणसाच्या आधी त्याच्या घरी पोहोचते. अशा गावातील समलिंगी तरुणापुढे वा पारलिंगी व्यक्तीपुढे प्रश्न असतो तो भेटायचे कोठे, हा. कारण तेथे भेट म्हणजेच बोभाटा.

मुंबईत १९९० साली अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समाजासाठीचे नियतकालिक काढले आणि १९९४ साली त्याच समाजासाठी ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापून ‘पार्टनर’ व ‘इंद्रधनु’ यांसारख्या पुस्तकांतून हा विषय रोकड्या मराठीत मांडला, आणि २०११ च्या डिसेंबरात तेथे पहिली अभिमान पदयात्रा निघाली. या साऱ्या उद्योगाला एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे माणसाला स्वतःत सामावून घेऊन निनावी करणारी शहराची गर्दी. मुरुमला ती गर्दी नाही. आणि आभासी वास्तवाच्या तंत्राचा, म्हणजे बोलीभाषेतील ‘व्हीआर’चा, विचार करावयाचा तो या उणिवेच्या संदर्भात.

हे तंत्र वरवर पाहता डोळ्यांचा खेळ वाटते. हेडसेटच्या दोन भिंगांतून दोन डोळ्यांना किंचित निरनिराळी चित्रे दिसतात, त्यांतून खोली निर्माण होते. मान वळताच यंत्रातील संवेदक ती हालचाल टिपतात आणि मिलिसेकंदांत मोजावी इतक्या अल्पावधीत दृश्य बदलतात, कारण तेथे विलंब झाला तर मळमळू लागते. आवाजही दिशेनिशी येतो. डावीकडच्या माणसाचे बोलणे डावीकडूनच ऐकू येते. या सर्वांचा परिणाम असा की, शेकडो कोसांवरच्या माणसाचे सान्निध्य मनाला खरे वाटते, आणि ज्याने ते अनुभवले त्याला ‘फोनवर बोललो’ असे न वाटता ‘भेटलो’ असेच वाटते.

शिवाय तेथे देह निवडता येतो. स्त्री म्हणून जगू इच्छिणारी, परंतु घरी मुलगा म्हणूनच वावरणारी व्यक्ती तेथील आरशासमोर हात उचलते, तेव्हा समोरची स्त्री तोच हात उचलते. आणि १९९८ साली बॉट्विनिक व कोहेन या संशोधकांनी रबरी हाताच्या प्रयोगात दाखविल्याप्रमाणे, डोळे व स्पर्श एकमेकांशी जुळले की मन परक्या अवयवालाही आपला मानू लागते. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या रूपात स्त्रीत्वाचा आदर्श पाहिला आणि त्यांच्या नेसण्याचे अनुकरण घरोघरच्या स्त्रियांनी केले, त्याला धारण केलेल्या देहातून सत्य बोलता येते हे नव्याने शिकविण्याची गरज नसावी.

कथनाची परंपरा तर या मुलुखाला अपरिचित नाहीच. याच जिल्ह्यात तुळजाभवानीचे तुळजापूर आहे. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने, दिवटीच्या उजेडात, रात्र रात्र आख्यान लावणारे गोंधळी येथल्या घराघरांतील मंगलकार्यांत येत आले आहेत. दक्षिणेकडे सौंदत्तीच्या यल्लमाच्या परंपरेत साडी नेसणाऱ्या जोगत्याला लोकांनी, थट्टेने का होईना, दारात उभे केले. मात्र हा आदर देवीच्या सेवेकऱ्याचा होता. कथा देवीची असे, सांगणाऱ्याची स्वतःची कैफियत कोणी विचारीत नसे. ती पुस्तकरूपाने ठळकपणे समोर आली ती लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ या आत्मकथनासारख्या लेखनातून.

आभासी जगात हीच कैफियत सांगण्याचे दोन मार्ग आज दिसतात. अँटोनिया फॉर्स्टर व थॉमस टेर्किल्डसेन यांनी उभारलेले आणि २०२२ साली ट्रायबेका महोत्सवात गौरविले गेलेले एलजीबीटीक्यू संग्रहालय हा पहिला. तेथे प्रेक्षक दालनात फिरतो, एखादी साधी घरगुती वस्तू त्रिमितीत समोर येते, आणि ती ज्याची, तो स्वतःच्या आवाजात तिची हकिकत सांगतो. दुसरा मार्ग ‘व्हीआरचॅट’सारख्या ठिकाणांचा, जेथे ऐकणाराही बोलतो. दिग्दर्शक जो हंटिंग यांचा ‘वुई मेट इन व्हर्चुअल रिअ‍ॅलिटी’ हा २०२२ चा माहितीपट संपूर्णपणे तेथेच चित्रित झाला असून, त्यातील एक प्रमुख व्यक्ती स्वतःला स्त्री वा पुरुष मानीत नाही आणि कर्णबधिरांच्या मेळाव्यात खुणांची भाषा शिकविते.

तथापि मुखवटा समजतो तितका जाड नाही. २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी ५०,००० हून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा डोक्याच्या व हातांच्या केवळ १०० सेकंदांच्या हालचालींवरून ९४ टक्क्यांहून अधिक वेळा माणूस अचूक ओळखता आला. चालीवरून माणूस ओळखणे हे गावकऱ्यांचे जुने कसब आता यंत्रालाही साधले आहे, आणि हालचालींच्या नोंदींचे हे दप्तर कोणाच्या हाती राहील याची खातरजमा केल्यावाचून कोणी तेथे मन मोकळे करू नये. त्यात हेडसेट महाग, आणि दोन खोल्यांच्या घरात डोळे झाकून एकट्याने बोलत बसण्यास आडोसाही दुर्लभ.

आणि जगणे तर उघड्या चेहऱ्यानेच करावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. तृतीयपंथीयांविषयीच्या २०१९ च्या कायद्याने ओळखीचा दाखला देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीकडे सोपविले. त्या कचेरीच्या पायऱ्या कोणत्याही हेडसेटने चढता येत नाहीत. मात्र शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने २०१७ साली एका तृतीयपंथी व्यक्तीस सरपंचपदी निवडून दिले, यावरून गावाला ऐकू येतच नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

तेव्हा आभासी जगाचे मोल एवढेच मानावे की, जेथे तोंड उघडणे धोक्याचे, तेथे बोलण्याची सवय ते लावते. ऐकण्याची सवय मात्र गावालाच लावून घ्यावी लागेल. त्यासाठी महागड्या यंत्रांची वाट पाहण्याचे कारण नाही. मुरुम-उमरग्याच्या वाचनालयांनी खिरे व त्रिपाठी यांची पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता मांडणीवर ठेवावीत, महाविद्यालयांनी त्यांवर एक खुले व्याख्यान ठेवावे, आणि श्रोत्यांनी प्रश्न विचारण्यापूर्वी हकिकत शेवटपर्यंत ऐकून घ्यावी.