अ‍ॅन्युइटी : ठेव नव्हे, दीर्घायुष्याचा विमा

निवृत्त होताना भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हाती पडते आणि ती कोठे गुंतवावी, हा प्रश्न उभा राहतो. विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन हयातभर ठरावीक पेन्शन घेणे, हा त्यातील एक पर्याय. यालाच अ‍ॅन्युइटी किंवा वार्षिकी म्हणतात. हा व्यवहार किफायतशीर आहे का?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साठाव्या वर्षी १० लाख रुपये भरले, वर्षाला ८० हजार रुपये पेन्शन सुरू झाले आणि मृत्यूनंतर मुद्दल परत मिळणार नाही, असे समजू. पेन्शनधारकाचे ७५ व्या वर्षी निधन झाले, तर एकूण १२ लाख मिळतात. परतावा वर्षाला जेमतेम अडीच टक्के. तोच ९० वर्षे जगला, तर २४ लाख मिळतात आणि परतावा सात टक्क्यांच्या घरात जातो. लवकर जाणाऱ्यांचा वाटा दीर्घायुषी व्यक्तींच्या कामी येतो. म्हणूनच अ‍ॅन्युइटीची तुलना केवळ मुदत ठेवीच्या व्याजाशी करणे योग्य नव्हे.

वारसांसाठी मुद्दल राखणारा पर्याय अनेकांना भावतो. मात्र त्यात पेन्शन कमी मिळते आणि विम्याचा लाभ जवळजवळ संपतो. उरते ती आयुष्यभराची, सहजी न मोडता येणारी ठेव. व्याजदर पुढे घसरले, तरी पेन्शन कायम राहते, एवढाच तिचा फायदा. निव्वळ व्याजच हवे असेल, तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना आधी पाहावी. तिची गुंतवणूक मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाख झाली.

खरा शत्रू महागाई. ती दरसाल सहा टक्के राहिली, तर बारा वर्षांत पेन्शनची क्रयशक्ती निम्मी होते. आयुर्विमा महामंडळाने २०२० मध्ये आणलेल्या ‘जीवन अक्षय-७’ योजनेत दरवर्षी तीन टक्के सरळ वाढीचा पर्याय ठेवला. पण त्यात सुरुवातीचे पेन्शन कमी असते. शिवाय पेन्शन करपात्र असते, हेही हिशेबात धरावे.

मग अ‍ॅन्युइटी घ्यावी कोणी? ज्यांना सरकारी पेन्शन आहे किंवा ज्यांची प्रकृती फारशी बरी नाही, त्यांना तिची गरज कमीच. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्या, प्रकृतीने ठणठणीत दांपत्याने मात्र किराणा, वीज, औषधे अशा अटळ खर्चापुरतीच, पती-पत्नी दोघांच्याही हयातीपर्यंत चालणारी अ‍ॅन्युइटी घ्यावी. वय वाढेल तसा दर वाढतो. त्यामुळे सारी रक्कम साठाव्या वर्षीच न गुंतवता टप्प्याटप्प्याने खरेदी करावी. निवडलेला पर्याय सहसा बदलता येत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी दोन-तीन कंपन्यांचे दर जरूर पडताळून पाहावेत.