पाणी कोण मारतला?

दाताची नस वाचवायला आम्ही दातात चक्क सिमेंट भरतो, हे खुर्चीतल्या माणसाला सहसा सांगत नाही. मालवणात एकदा तोंडातून निसटलं, आणि खुर्चीत नेमका गवंडी! उभा जन्म चिऱ्याच्या भिंती रचण्यात गेलेला. कीड काढताना नस टाचणीच्या टोकाएवढी उघडी पडली होती. रक्त थांबवून मी काचेवर राखाडी पूड पाण्यात कालवत होतो. कालवली की ती ओल्या रेतीसारखी लागते. तोंडावर रबराचा पडदा ताणलेला. त्याआडून काही घोगरं आलं, ते आमच्या सहायक बाईंनी सोडवून सांगितलं: "ह्यां सिमेंट आसा, तर पाणी कोण मारतला?"

इतका नेमका प्रश्न मला परीक्षेतही कुणी विचारला नव्हता.

ही पूड म्हणजे एमटीए. 1993 साली कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठातून महमूद तोराबिनेजाद यांनी ती पुढे आणली. सुमारे 75 टक्के शुद्ध केलेलं पोर्टलंड सिमेंट, आणि एक्स-रेत दिसावं म्हणून 20 टक्के बिस्मथ ऑक्साइड. (याच बिस्मथमुळे पुढचे दात काळवंडतात, म्हणून तिथे मी ते टाळतो.) दातात नेहमी भरतो त्या कॉम्पोझिटला पाणी वैरी, याला पाणी हवंच. वरून आम्ही ओला बोळा ठेवतो. खालून पाणी मारतो तो दात स्वतः. डेंटिनमध्ये, म्हणजे नसेभोवतीच्या थरात, नसेजवळ चौरस मिलिमीटरला 45,000च्या आसपास नळ्या असतात, द्रवाने भरलेल्या. सिमेंट भिजलं की त्यातून चुना सुटतो, सामू 12वर जातो. त्यातलं कॅल्शियम नळ्यांत उतरतं आणि तिथल्या फॉस्फेटशी जुळून अ‍ॅपेटाइट बनतं. दातही त्याच जातीच्या खनिजाचा. भरलेलं कुठे संपलं आणि दात कुठे सुरू झाला, ती रेघ पुसट होत जाते. खालच्या पेशीही जाग्या होऊन नवं डेंटिन घालू लागतात.

मी एवढं सांगेपर्यंत पडद्याआडून पुन्हा आवाज. "म्हंजे चुनोच मां," बाई म्हणाल्या.

चुनाच! पानाला लावतात तोच.

त्याला सांगितलं नाही ते एवढंच, की आदल्या जुलैत उघडलेली पुडी मी काटकसरीने उद्यासाठी ठेवली होती. मालवणच्या हवेनेच तिला पाणी मारलं. सकाळी खडा.

हे सिमेंट आवळायला पावणेतीन तास लागतात. नंतर आलेलं बायोडेंटिन बारा मिनिटांत आवळतं, पण तेव्हा माझ्याकडे नव्हतं. म्हणून बोळा ठेवून वर तात्पुरतं भरलं, परवा यायला सांगितलं आणि पडदा काढला.

"डॉक्टरांनू, पोतां कितक्याक गावता?"

"काका, ग्रॅमावर मिळता."

तो खूप हसला. भूल उतरली नव्हती, त्यामुळे एकाच गालाने.