माद्रिदमध्ये चायनीज? खुशाल खा!

सेमिस्टर एक्सचेंज किंवा मास्टर्ससाठी स्पेनला निघालाय? पाएया आणि बटाट्याचं तोर्तिया तुम्ही खाणारच. पण तिथे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांच्या हॉटेलांतही नक्की जा. शहर कोणाकोणाचं आहे, हे तिथे पटकन कळतं.

माद्रिदमध्ये उसेरा म्हणजे चायनाटाउनच. लावापिएसच्या गल्लीत भारतीय नावांची रेस्टॉरंट्स ओळीने दिसतील. त्यातली बरीच बांगलादेशी मंडळी चालवतात. बार्सिलोनाच्या रावालमध्ये पाकिस्तानी खाणं, ग्रानादात मोरोक्कन थाटाची चहाघरं. पेरूच्या हॉटेलात लिंबाच्या रसात मुरवलेले मासे, म्हणजे सेविचे. भाषा स्पॅनिशच, चव मात्र पार वेगळी!

अर्थात, परक्या देशात गेलं की पदार्थही थोडा बदलतो. आपण नाही का चायनीज भेळ करून टाकली? तसाच स्पेनमधल्या चायनीज हॉटेलांचा 'आरोस त्रेस देलिसियास' हा फ्राइड राइस. त्यात अंडं, कोळंबी आणि चक्क हॅम! करीही बरेचदा मवाळच येते, कारण तिथल्या लोकांना तिखट फारसं झेपत नाही. झणझणीत हवं असेल तर 'मुय पिकान्ते' असं आधीच सांगा.

खिसा सांभाळा

शक्यतो दुपारी जा. कामाच्या दिवशी 'मेनू देल दिया' मिळतो: दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या किमतीत. आपल्या थाळीचा भाऊच म्हणा! चायनीज आणि भारतीय हॉटेलांतही तो असतो. जेवणाची वेळ मात्र दोननंतरची. रात्री नऊच्या आधी बऱ्याच स्पॅनिश हॉटेलांची चूल पेटत नाही. पाण्याची बाटली घेऊच नका. 'आग्वा देल ग्रिफो' म्हणजे नळाचं पाणी मागा. 2022 च्या कायद्यानुसार ते फुकट द्यावं लागतं.

शाकाहारी आहात?

मग नुसतं 'कार्ने नको' म्हणून भागत नाही. हॅम किंवा ट्यूना म्हणजे 'मांस' असं अनेकांच्या डोक्यातच येत नाही. साध्या मिक्स सॅलडमध्येही ट्यूना असतो. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन.' मांस, मासे, हॅम काहीच खात नाही!

आणि लावापिएसमध्ये असाल तर आधी हिंदीत विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर हिंदीतच येतं, आणि 'डाळीला फोडणी जरा जास्त द्या' हेही सांगता येतं.