कृतिसंशोधनात यंत्रास प्रश्न कसा विचारावा

शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील एखादी अडचण निवडून तिचा पद्धतशीर शोध घ्यावा, यास आपण कृतिसंशोधन म्हणतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांस खुले झाले. तेव्हापासून या कामी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेणे शिक्षकवर्गात रूढ होऊ लागले आहे. त्यात गैर काही नाही. मात्र यंत्रास द्यावयाची लेखी सूचना, जिला 'प्रॉम्प्ट' म्हणतात, ती कशी असावी याचा विचार झाला पाहिजे. भामरागड तालुक्यातील शाळांचे उदाहरण घेऊन तो येथे करावयाचा आहे.

'माडिया मुलांच्या शैक्षणिक अडचणींवर शोधनिबंध लिहून द्या' असे लिहिले की अल्पावधीत चार पाने हाती येतात. भाषा निर्दोष, परिच्छेद सुबक. परंतु त्यांत पामुलगौतमेच्या काठचे एकही मूल नसते. याचे कारण यंत्राच्या घडणीतच आहे. अफाट लिखित मजकुरावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवनीय, एवढे ते शिकलेले असते. ज्या विषयावर विपुल लेखन आहे तेथे ते बरेचसे बरोबर चालते. माडियासारख्या, मुख्यतः तोंडीच राहिलेल्या भाषेविषयी मात्र ते इतर गोंडी बोलींची माहिती तिच्या नावावर खपवू शकते. ग्रिग्सन यांचा १९३८ चा ग्रंथ बस्तरमधील माडियांविषयी आहे, एल्विन यांचा १९४७ चा ग्रंथ मुरियांविषयी आहे. यंत्राच्या उत्तरात हे भेद पुसले जाण्याचा संभव असतो. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये काढलेल्या 'आदि वाणी' या भाषांतर-साधनात गोंडी आहे खरी, पण ती छत्तीसगडची.

म्हणून प्रश्न आपला असावा, आणि तो वर्गातून यावा. एक घेऊ. मराठीत लिंगे तीन. गोंडी कुळातील भाषांत नामांचे वर्ग दोनच : पुरुष एका वर्गात, स्त्रिया, जनावरे आणि वस्तू दुसऱ्या वर्गात. तेव्हा घरी माडिया बोलणारे मूल 'टोपली पडली' आणि 'झाड पडले' यांतील भेद कसा आत्मसात करते? त्याची चूक आपण आजवर निष्काळजीपणा म्हणून लाल शाईने खोडत आलो असू, तर ती वस्तुतः मातृभाषेच्या नियमाची छाया आहे काय? राज्यघटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदाने (१९५६ च्या सातव्या दुरुस्तीने तो आला) भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करण्यास राज्यांस सांगितले आहे. ज्याची भाषाच गुरुजींस ठाऊक नाही, त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकाचा निकाल या प्रश्नाशी निगडित आहे.

आता सूचना अशी लिहावी : 'मी जिल्हा परिषद शाळेत तिसरीस शिकवितो. वर्गात १८ मुले आहेत; १४ घरी माडिया बोलतात, ४ मराठी. मुले मराठी नामांच्या लिंगात कोठे चुकतात हे मला चित्रे दाखवून तोंडी तपासावयाचे आहे. प्रत्येक लिंगाची आठ नामे सुचवा. ती जंगलालगतच्या गावात मुलाने पाहिलेल्या वस्तूंची असावीत. नोंदीचा तक्ता आखून द्या. निष्कर्ष लिहू नका. जेथे खात्री नाही तेथे तसे सांगा.' आपण कोण, मुले किती, हवे काय, नको काय, हे चारही तीत आले. शेवटची अट पाळली जाईलच असे नाही, तरी ती घालावी.

नामे आली की शिक्षकाने ती चाळावीत. गावात नसलेली वस्तू यादीत आली, तर परीक्षा लिंगाची न राहता ओळखीची होते. मग यंत्रास दुसरे काम सांगावे : 'माझ्या योजनेतील दोष दाखवा.' माझ्या मते यंत्राचा खरा उपयोग येथेच आहे. मूल चुकते ते मातृभाषेमुळे की केवळ बुजल्यामुळे, मराठी घरची मुलेही त्याच नामांस अडखळतात काय, असे आक्षेप ते पुढे करू शकते. घाईत सहकाऱ्यासही ते सुचत नाहीत, आणि सुचले तरी भिडेपोटी तो बोलत नाही.

संदर्भग्रंथ मात्र यंत्राकडून मागून तसेच उतरवू नयेत. लेखक, वर्ष, पृष्ठ यांसह ते अस्तित्वात नसलेला ग्रंथही सांगते. २०२३ साली न्यूयॉर्क येथे दोन वकिलांनी यंत्राने रचलेले खोटे निवाडे न्यायालयात दाखल केले. त्यांस व त्यांच्या कचेरीस मिळून ५,००० डॉलर दंड झाला. जे पुस्तक स्वतः उघडून पाहिले तेवढेच नोंदवावे. बेरजा व टक्केवारीही हाताने पडताळाव्यात.

मुलांची नावे, गावे, छायाचित्रे यंत्रात घालू नयेत, 'वि. १', 'वि. २' असे लिहावे. कोणते साधन कोणत्या तारखेस वापरले व कोणती सूचना दिली, हे अहवालाच्या परिशिष्टात जोडावे.

ज्या गावी रेंज नाही तेथील शिक्षकांनी सूचना आधी वहीत लिहून ठेवावी व तालुक्यास येण्याच्या दिवशी ती वापरावी. कागदावर दोनदा खोडून लिहिलेली सूचना अधिक नेमकी होते, असा अनुभव आहे. चित्रे हाताने काढलेली चालतील. मुलांकडून काढून घेतली तर उत्तमच. उत्तरे मुलाच्या तोंडी आली तशीच, न सुधारता, तक्त्यात उतरवावीत.